कडुलिंबाच्या परागकणातून भ्रूण: डिशमध्ये गाठ दिसण्याआधी पेशीत काय घडतं?

कराडजवळच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "प्रोजेक्टसाठी आम्ही कडुलिंबाचे अँथर (परागकोश) मीडियावर (पोषक जेलीवर) लावले. तीन-चार आठवड्यांत पांढरट गाठी आल्या. हे परागकणातून आलेले भ्रूण आहेत असं लॅबमध्ये सगळे म्हणतात, पण पुस्तकातल्या चित्राशी ते जुळत नाही. परागकण भ्रूणाच्या वाटेला लागतो तेव्हा पेशीच्या आत नेमकं काय बदलतं? आणि ते आमच्या साध्या मायक्रोस्कोपवर दिसेल का?"

तुमची शंका रास्त आहे, आणि ती धरून ठेवा. तुमच्या प्रश्नाला दोन पदर आहेत. पेशीत काय बदलतं, हा एक. दुसरा तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण खरा तोच आहे: डिशमध्ये जे वाढलं ते परागकणातूनच आलं, हे कशावरून म्हणायचं? पहिल्याचं उत्तर नीट समजलं की दुसऱ्याचा मार्ग आपोआप सापडतो, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी माझा अनुभव. सांगली-मिरज भागात मी तेवीस वर्षं टिश्यू कल्चरचं काम करते. आता केळी आणि ऊस, पण सुरुवातीची काही वर्षं झाडांच्या परागकोशांवर गेली. पहिल्याच हंगामात जतकडच्या कडुलिंबांच्या कळ्या आणून आम्ही शेकडो परागकोश लावले, आणि भरपूर गाठी आल्या. आम्ही त्यांना भ्रूण म्हटलं, पोसलं, त्यातून कोंब काढले, मुळं फुटवली. मग मुळांच्या टोकांतली गुणसूत्रं मोजली. कडुलिंबाच्या साध्या पेशीत 24 असतात आणि परागकणात 12. आमच्या एकूण एक मुळात 24 निघाली. पुढे मार्कर, म्हणजे डी.एन.ए.मधल्या ओळखखुणा, लावून पाहिल्यावर कळलं की सगळी रोपं परागकोशाच्या भिंतीतून आली होती, म्हणजे आईझाडाच्याच नकला होत्या. सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत एकदाही आम्ही परागकोश फोडून आतल्या कणांकडे पाहिलं नव्हतं. म्हणून हे उत्तर जरा लांबवते आहे.

लिंबाची कळी भिंगाखाली उकलून पाहिली असेल तर आठवा. तांदळाच्या दाण्याहून लहान कळी, पाच पाकळ्या. त्या सुईने बाजूला केल्या की मधे पांढरी नळी दिसते. केसर सुटे नसतात, जोडून त्यांची नळी झालेली असते आणि तिच्या तोंडाशी आतल्या बाजूला दहा परागकोश बसलेले असतात. नळी उभी चिरून ते काढताना भिंतीचे तुकडे, नळीचा गर, सगळं बरोबर येतं. यातल्या प्रत्येक पेशीला मीडियातला हार्मोन मिळाला की ती विभागायला तयार असते, आणि परागकणापेक्षा फार लवकर तयार होते. झाडांच्या परागकोशात ही अडचण कायमची आहे.

आता आतला कण. गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनानंतर चार-चारच्या चौकडीतून सुटलेला कण, ज्याला आपण मायक्रोस्पोर म्हणतो, तो आधी लहान असतो, केंद्रक मधोमध असतं. मग आत पाण्याची एक मोठी रिक्तिका फुगते आणि केंद्रकाला भिंतीकडे रेटते. केंद्रक असं कडेला गेलेलं असतानाच पहिलं विभाजन होतं, त्यामुळे ते असमान होतं: एक मोठी पेशी, एक चिमुकली. मोठी पुढे परागनलिका काढते, चिमुकलीतून दोन नर युग्मक होतात. मोठीत अनेक जातींमध्ये स्टार्च भरत जातो. कण भरला, पिकला, उडायला तयार झाला.

भ्रूणाच्या वाटेला वळवण्याची संधी या प्रवासात फार थोडा वेळ असते: पहिल्या विभाजनाच्या जरा आधी किंवा त्याच्या आसपास. रिक्तिका मोठी, केंद्रक कडेला, विभाजन तोंडावर आलेलं, ही अवस्था बहुतेक जातींत सर्वांत चांगली. एकदा स्टार्च भरला की कण सहसा मागे फिरत नाही.

वळवायचं कसं? त्या क्षणी त्याची घडी विस्कटायची. उष्णता, थंडी, साखरेची किंवा नत्राची उपासमार, यांपैकी कुठलातरी शॉक द्यायचा. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडमध्ये याचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ मिळतं. तेच मायक्रोस्पोर, त्याच मीडियात, 18 अंशांवर ठेवले की पिकून परागकण होतात आणि 32 अंशांच्या आसपास ठेवले की त्यातले काही भ्रूण होतात. पुढे असंही दिसलं की तापमान न वाढवता थोडा वेळ कोल्चिसीन दिलं तरी काम होतं. कोल्चिसीन सूक्ष्मनलिका मोडतं, आणि केंद्रकाला भिंतीशी धरून ठेवणारी दोरी त्याच नलिकांची असते. या एका गोष्टीने माझ्या डोक्यातलं चित्र स्पष्ट झालं. शॉकमध्ये भ्रूणाची कृती लिहिलेली नसते. ती पेशीच्या केंद्रकात आधीपासूनच असते, शॉक फक्त हातातलं काम सोडायला लावतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. हे बदल एका ओळीत घड्याळासारखे होत नाहीत, बरेच एकमेकांवर चढलेले असतात. मी ज्या क्रमाने पाहत गेले त्या क्रमाने सांगते.

सर्वांत आधी डोळ्यांना दिसतो तो केंद्रकाचा प्रवास. कडेला चिकटलेलं केंद्रक परत मधे येतं. मोठी रिक्तिका फुटून तिचे लहान-लहान कप्पे होतात आणि त्यांच्या मधून जीवद्रव्याचे धागे केंद्रकापासून भिंतीपर्यंत ताणले जातात. वरून पाहिलं तर चांदणीसारखं दिसतं. कण फुगून मोठाही होतो. अशी चांदणी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून आणलं होतं. पण एक सावधगिरी: चांदणी दिसली म्हणजे भ्रूण झालाच असं नाही. बरेच कण इथपर्यंत येऊन मरतात. पेशीने जुनं काम सोडल्याची ही खूण आहे, नवं धरल्याची अजून नाही.

त्याच सुमारास आत मोठी साफसफाई चालते. तंबाखूवर सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने झालेल्या कामात दिसलं की परागकणासाठी जमवलेले, प्रथिनं बनवणारे रायबोसोम मोठ्या प्रमाणात नाहीसे होतात आणि नंतर नव्याने तयार होतात. पेशी स्वतःचेच जुने भाग पचवते. रेपसीडमध्ये तर ती नको असलेला ऐवज पेशीबाहेर टाकतानाही पाहिली गेली आहे. घर बदलताना आधी जुनं सामान काढावं लागतं, तसं हे. उष्णतेचा शॉक दिला असेल तर उष्णता-प्रथिनंही वाढतात, पण ती वळणाचं कारण की निव्वळ तापाची खूण, यात घाई करू नका. मघाच्या कोल्चिसीनच्या प्रयोगात ती न वाढताही भ्रूण झाले होते.

केंद्रकात याहून खोल बदल होतात. पिकणाऱ्या परागकणात गुणसूत्रांचा धागा हळूहळू घट्ट गुंडाळला जातो आणि डी.एन.ए.वरचे मिथाइल गट वाढत जातात. कुलपं लावत गेल्यासारखं. भ्रूणाच्या वाटेवरच्या पेशीत उलट होतं. धागा सैल राहतो, मिथाइल गट कमी राहतात, केंद्रिका, म्हणजे केंद्रकातली रायबोसोम घडवणारी जागा, मोठी आणि कामात गुंतलेली दिसते. रेपसीड आणि बार्लीत मिथाइल गट कमी करणारं अझासायटिडिन थोडा वेळ दिल्यावर वळणाऱ्या कणांची संख्या वाढली, पण तेच औषध पुढे चालू ठेवलं तर भ्रूणाची वाढ अडकली. म्हणजे सुरुवातीला कुलपं उघडावी लागतात आणि भ्रूणाचे अवयव घडताना त्यांतली काही परत लावावी लागतात. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण मीडिया बदलण्याची वेळ इतकी का महत्त्वाची आहे, ते यातून कळतं. लोक एकाच मीडियावर दोन-दोन महिने डिशेस ठेवतात आणि मग भ्रूण पुढे का जात नाही म्हणून विचारतात.

प्लास्टिडांत, म्हणजे जिथे स्टार्च भरला जायचा त्या कप्प्यांत, भरती थांबते. ते लहान आणि साधे राहतात. तुमच्या साध्या मायक्रोस्कोपवर सगळ्यात स्वस्तात तपासता येणारी गोष्ट हीच: एक थेंब आयोडीन. निळे-काळे झालेले कण परागकणाच्याच वाटेवर आहेत. अर्थात काही जातींत भ्रूणातही पुढे थोडा स्टार्च येतो आणि काहींच्या परागकणात मुळातच तो कमी असतो. म्हणून आपल्याच झाडाच्या उमललेल्या फुलातले पिकलेले कण शेजारी ठेवून तुलना करायची.

मग विभाजन. केंद्रक मधोमध असल्यामुळे ते समान होतं. दोन सारख्या पेशी आणि त्यांच्या मधे आरपार गेलेली सरळ भिंत. नेहमीच्या परागकणात चिमुकली पेशी घड्याळाच्या काचेसारख्या वाकड्या भिंतीने कडेला तोडलेली असते, तिथे असं सरळ काही नसतं. ही सरळ भिंत म्हणजे मी विश्वास ठेवते ती पहिली खूण. काही जातींत मात्र असमान विभाजन होऊन गेल्यावर मोठी पेशीच पुन्हा-पुन्हा विभागते आणि तिच्यातून भ्रूण होतो. काहींत दोन्ही केंद्रकं एकत्र येऊन मिळतात. त्यामुळे समान विभाजन दिसलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका.

नव्या भिंतींचा पोतही वेगळा असतो. भराभर विभागणाऱ्या पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन मऊ, मिथाइल गटांनी झाकलेलं असतं. वाढ थांबून पेशी कामाला लागली की ते उघडं पडतं आणि कॅल्शियमने आवळलं जातं. हे पाहायला खास प्रतिपिंडं लागतात, तुमच्या प्रोजेक्टमध्ये नको.

यानंतरचं दृश्य मात्र साध्या मायक्रोस्कोपवर सुरेख दिसतं. कणाचं बाहेरचं नक्षीचं कवच, एक्झाइन, तसंच असतं आणि त्याच्या आत चार, आठ, बारा पेशी दाटीने भरलेल्या असतात. डाळिंब फोडल्यावर दाणे एकमेकांना चेपून बसलेले दिसतात तसं. शेवटी कवच ताणून फाटतं आणि आतला पुंजका बाहेर डोकावतो. कुठल्यातरी पेशीच्या एका बाजूला फाटक्या टोपीसारखं एक्झाइन चिकटून राहिलेलं असतं. ते सापडलं तर फोटो काढून ठेवा. हा पुंजका परागकणातूनच आला याचा त्याहून बोलका पुरावा मायक्रोस्कोपखाली मिळत नाही. पुढे त्याच्यावर बाह्यस्तर तयार होतो, गोल आकार हृदयाकृती होतो, मग लांबट, मग बीजपत्रं. बीतल्या भ्रूणासारखंच, फक्त गर्भाधानाशिवाय.

या सगळ्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, तो तुमच्या प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत जरूर यावा. परागकोशातून भ्रूण मिळाल्याचं जगाने पहिल्यांदा 1964 साली वाचलं ते दिल्ली विद्यापीठातल्या शिप्रा गुहा आणि एस. सी. माहेश्वरी यांच्या कामातून. झाड होतं धोतरा, जो आपल्या बांधाबांधावर उगवतो.

आता झाडांबद्दल, कारण धोतरा आणि तंबाखू यांच्यावरून लिंबाचा अंदाज बांधला की फसगत होते. दक्षिण युरोपातल्या बुचाच्या ओकवर हे काम सर्वांत नीट झालं आहे. तिथे परागकोशांना 33 अंशांचा पाच दिवस शॉक देतात आणि भ्रूण थेट परागकणातून येतात. ऑलिव्हमध्ये थंडी कामी आली. क्लेमेंटाइन या संत्र्याच्या भाऊबंदात भ्रूण मिळाले, पण त्यांतले बरेच त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले, निघाले. केंद्रकं एकमेकांत मिसळतात, गुणसूत्रं दुप्पट होतात, म्हणून परागकणातून आलेलं सगळं एकगुणितच, म्हणजे एकाच संचाचं, असेल हे धरून चालू नका.

आणि कडुलिंब? लिंबाची एकगुणित रोपं 2003 साली दिल्ली विद्यापीठातच मिळाली, पण ती थेट भ्रूणातून आलेली नव्हती. एककेंद्रकी अवस्थेतल्या परागकोशांतून आधी कॅलस, म्हणजे पेशींचा बिनआकाराचा गोळा, कॅलसमधून कोंब, कोंबाला मुळं, असा तो मार्ग होता. त्यामुळे तुमच्या गाठी पुस्तकातल्या भ्रूणाच्या चित्राशी जुळत नाहीत यात तुमची चूक मुळीच नाही. पुस्तकात चित्र बहुधा रेपसीडचं किंवा तंबाखूचं असेल. तुमच्याकडे कॅलस आहे. तो परागकणातला असू शकतो, भिंतीतला असू शकतो, आणि एकाच परागकोशात दोन्ही मिसळलेलेही असू शकतात.

परिस्थितीवर काय-काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. आमच्याकडे एकाच रस्त्यावरच्या दोन लिंबांपैकी एकाने हमखास प्रतिसाद दिला आणि दुसऱ्याने तीन हंगाम काहीच नाही. झाडं बियांपासून आलेली, प्रत्येकाचं रक्त वेगळं. माण-खटावकडची कोरडी झाडं आणि कृष्णाकाठची पाण्यावरची झाडं फुलायला पुढे-मागे होतात, पाडव्याच्या आसपास एकीकडे फुलोरा संपत आलेला असतो तर दुसरीकडे कळ्या मुग्या असतात. कळीची लांबी मोजून अवस्था ठरवू नका. एका घोसात टोकाची आणि बुडाची कळी वेगळ्या अवस्थेत असते, म्हणून दर वेळी दहांपैकी एक परागकोश फोडून अॅसिटोकार्मिन या केंद्रक रंगवणाऱ्या रंगाने पाहायचं आणि उरलेले नऊ लावायचे. चैत्रातल्या दुपारी तोडलेल्या कळीला आधीच उन्हाचा शॉक बसलेला असतो, त्यावर तुमचा शॉक किती मोजायचा? आम्ही पहाटे तोडून ओल्या कापडात, थंड डब्यात आणायचो.

एवढा त्रास कशाला, असं तुमच्या परीक्षकांनी विचारलं तर याचं उत्तर झाडातच आहे. गहू-ज्वारीत सहा-सात पिढ्या स्वपरागण करून शुद्ध वाण मिळतो. लिंबाला फुलायलाच काही वर्षं लागतात, तेवढ्या पिढ्या करायच्या तर एक आयुष्य पुरत नाही. परागकणातला गुणसूत्रांचा एकच संच दुप्पट झाला की एका पावलात तो मिळतो. पण त्याची किंमतही आहे. झाडात लपून बसलेले दोष एकगुणित पेशीत झाकायला जोडीदार नसतो, म्हणून कित्येक भ्रूण अर्ध्या वाटेत मरतात. तुमच्या डिशमध्ये मेलेल्यांची संख्या फार दिसली तर तंत्रालाच दोष देऊ नका.

इथवरचं थोडक्यात: केंद्रक मधे येणं आणि चांदणी ही पहिली चाहूल, आयोडीनला रंग न येणं ही दुसरी, सरळ भिंतीच्या दोन सारख्या पेशी ही भरवशाची खूण आणि कवचाच्या आत अनेक पेशी हा पुरावा. हे सगळं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत परागकोशाच्या आत घडतं. बाहेर गाठ दिसते तेव्हा ते होऊन गेलेलं असतं.

मग आत्ता हातात असलेल्या गाठींचं काय? टाकू नका. परागकोश कुठे फाटला आहे ते स्टिरिओमायक्रोस्कोपखाली पाहा. गाठ आतल्या कप्प्यातून वर येते आहे की कापलेल्या कडेवरून, हे बऱ्याचदा कळतं. कापलेल्या कडेवरच्या आणि केसरनळीच्या तुकड्यावरच्या गाठी वेगळ्या करा, त्या बहुधा झाडाच्याच. आतून आलेल्यांना वेगळा नंबर द्या, त्यांतून कोंब आणि मुळं मिळाली की मुळाच्या टोकात गुणसूत्रं मोजा. 12 आली तर प्रश्न मिटला. 24 आली तर मिटला नाही, कारण परागकणातली 12 आपसूक दुप्पट होऊनही 24 होतात. अशा वेळी आईझाडात ज्या ठिकाणी मार्करच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन संचांतल्या दोन वेगळ्या खुणा, दिसतात, अशा चार-सहा जागा रोपात तपासा. सगळीकडे एकच पट्टी आली तर रोप परागकणातलं. दोन पट्ट्या आल्या तर ते भिंतीतलं धरा, जोवर दुसरा काही पुरावा मिळत नाही.

पुढच्या हंगामासाठी एकच मागणं. लावलेल्या परागकोशांपैकी काही रोज नाही तरी शून्य, दोन, पाच, दहा आणि पंधराव्या दिवशी काढून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अॅसेटिक आम्लात ठेवा, दुसऱ्या दिवशी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवून फ्रिजमध्ये. लिंबाच्या कणाचं कवच रंगाला अडवतं, म्हणून अल्कोहोल-आम्लाच्या या मिश्रणात (फिक्सेटिव्हमध्ये) फेरिक क्लोराइडचा अगदी अंश घाला, केंद्रक गडद उठतं. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप मिळत असेल तर डॅपी हा डी.एन.ए. चमकवणारा रंग वापरा, त्यात चूक व्हायला जागाच कमी. आणि तितकेच परागकोश शॉक न देता, साध्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी काढा. तुमच्या पाचव्या दिवसाच्या स्लाइडशेजारी ही दुसरी स्लाइड असली, की चांदणी खरी की मरणाऱ्या पेशीचा भास, ते तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. स्लाइड तयार झाल्या की इथेच फोटो टाका, मी बघते.